खिशातला मेणाचा ठोकळा

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी एकोणीस वर्षं क्वालिटीला आहे. ओतलेल्या लोखंडाचा तुकडा कापायचा, पॉलिश पेपरवर घासून आरशासारखा करायचा आणि मायक्रोस्कोपखाली ग्रेफाइट नीट गोल आलंय का बघायचं, हे माझं काम. मग टीसी, म्हणजे टेस्ट सर्टिफिकेट, लिहायची. ती झाल्याशिवाय माल गेटबाहेर जात नाही. त्यामुळं रिपोर्ट नावाच्या कागदाला आपण घाबरत नाही, असा माझा समज होता.

सुरुवात झाली ती जोतिबाला. पायऱ्यांवर चार ठिकाणी बसावं लागलं. बायको म्हणाली, "अहो, तोंड पांढरं पडलंय तुमचं." रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ७.९. गल्लीतल्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. शौचाला काळं होतंय म्हटल्यावर, गोळ्यांनी होतंच तसं, म्हणाले. मित्रांचं निदान मूळव्याध. तीन महिने असेच गेले. शेवटी राजारामपुरीतल्या एका फिजिशियननं गोळ्यांचं पाकीट बाजूला सारलं आणि विचारलं, "बाईमाणसाचं रक्त पाळीत जातंय. तुमचं कुठं जातंय, ते शोधलं का कुणी?" तेव्हा माझं वय ४४ होतं.

कोलोनोस्कोपीबद्दल फार लिहीत नाही. आदल्या रात्री पावडरचं दोन लिटर पाणी प्यायचं आणि रात्र संडासात काढायची, बास. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ निघाली. तिचे पाच-सहा बारीक तुकडे काढून बायोप्सीला गेले. आठवडाभरानं कागद आला: ॲडेनोकार्सिनोमा, म्हणजे कॅन्सर. हा शब्द मी स्कूटरवर बसल्या बसल्याच वाचला आणि किक मारायची विसरून गेलो.

सीटी स्कॅनमध्ये लिव्हर आणि छाती स्वच्छ होती. सर्जननी ऑपरेशनच्या आधी रक्तातलं सीईए नावाचं प्रथिन मोजायला सांगितलं. ते आलं ७.२, आणि कागदावर बाजूला छापलं होतं, पाचच्या आत. मी लगेच हिशोब मांडायला बसलो, की दोन पॉइंट दोननं माल रिजेक्ट. सर्जन हसले. म्हणाले, "तुम्ही बिडी ओढता ना? ओढणाऱ्यांचं हे तसंही थोडं वर असतंय. लिव्हर बिघडलं तरी वाढतंय. आणि कॅन्सर असून नॉर्मल आलेले पेशंट पण माझ्याकडं आहेत. हा आकडा कॅन्सर शोधायचा नाही, पाठलाग करायचा आहे."

ती गोष्ट मला नंतर कळत गेली. बाळ पोटात असताना त्याच्या आतड्यात हे प्रथिन भरपूर बनतं, मोठेपणी जवळजवळ थांबतं. १९६५ साली मॉन्ट्रियलमध्ये फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन या दोघांना ते आतड्याच्या गाठीत सापडलं. ऑपरेशनआधी ते जास्त असलं की पुढचा धोका थोडा जास्त धरतात. पण खरा उपयोग नंतर. गाठ पूर्ण निघाली असेल तर एक-दीड महिन्यात ते खाली यायला हवं. आलं नाही, किंवा येऊन पुन्हा चढायला लागलं, तर कुठं तरी काही शिल्लक आहे का ते बघायचं.

ऑपरेशन शनिवारी संध्याकाळी झालं. आतड्याचा उजवा भाग काढला, दोन टोकं जोडली. सहाव्या दिवशी मी चालत होतो. रिपोर्ट मात्र चालेना.

कारण असं की काढलेला भाग एका बरणीत कोंबून भरला होता, वर जेमतेम बुडेल एवढं फॉर्मलिन, म्हणजे मांस टिकवायचं रसायन, आणि रविवार असल्यानं ती बरणी सोमवारपर्यंत कुणी उघडली नव्हती. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. फॉर्मलिन मांसात शिरायला तासाला जेमतेम मिलिमीटरभर पुढं सरकतं. आतडं उघडून, पसरून, भरपूर फॉर्मलिनमध्ये ठेवलं नाही तर बाहेरून ते टिकतं आणि आतून बिघडायला लागतं. आमच्याकडं सॅम्पल गरम असतानाच कापलं की रचना फसवी दिसते, तसलाच प्रकार.

पहिला कागद चांगला होता. गाठ आतड्याच्या भिंतीतून आरपार गेलेली, पण एकोणीस लसीकाग्रंथी तपासल्या आणि एकीतही काही नाही. निदान बारा तरी तपासायला हव्यात असा नियम आहे, त्यामुळं एकोणीस हा आकडा ऐकून सर्जन खूश झाले. स्टेज दोन. मग त्यांनी म्हटलं, चार प्रथिनांची तपासणी करून घेऊ, त्यावर केमो ठरेल. एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६. मला ही नावं कास्टिंगच्या ग्रेडसारखी वाटली.

दहा दिवसांनी रिपोर्ट आला. चारीपुढं एकच शब्द: लॉस. म्हणजे चारी प्रथिनं नाहीत.

घरी बायको, सासूबाई, शेजारचे काका, सगळ्यांनी तो कागद उजेडात धरून बघितला. लॉस म्हणजे तोटा, हे सगळ्यांना कळलं. रात्री झोप कुणाला आली नाही. मला मात्र पहाटे एक वेगळीच गोष्ट खटकायला लागली. आमच्याकडं एका हीटच्या, म्हणजे एकदाच वितळवलेल्या लोखंडाच्या, चार टेस्ट बारपैकी एक फुटला तर लोखंडावर शंका घ्यायची. चारीच्या चारी एकाच रेषेत फुटले तर आधी मशीन तपासायचं.

दुसऱ्या दिवशी मी हे सर्जनना भीतभीत सांगितलं. ते कागदाकडं बघत म्हणाले, "मला पण हेच वाटलं. चारी जाणं फार क्वचित. आणि यात कंट्रोलचा, म्हणजे टेस्ट नीट झालीय हे दाखवणाऱ्या चांगल्या पेशींचा, उल्लेखच नाही." त्यांनी त्यांच्या ओळखीच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना फोन लावला. मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "कोलोनोस्कोपीच्या बायोप्सीचा ब्लॉक, तो मेणाचा ठोकळा, कुठं आहे?" ते तुकडे बारीक होते, काढल्या काढल्या फॉर्मलिनमध्ये पडले होते, म्हणजे त्यांच्यात ते नीट मुरलं असणार.

ब्लॉक दुसऱ्या लॅबमध्ये होता. कुरिअरनं दोन दिवस लागतील म्हणाले. मी म्हटलं, मी आणतो. टाके ओले होते, म्हणून मेहुण्यानं स्कूटर चालवली आणि मी मागं बसलो. लॅबमधल्या पोरानं रजिस्टरवर सही घेतली आणि प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत एक फिकट चौकोन दिला. काडेपेटीपेक्षा लहान. जाळीदार प्लॅस्टिकच्या चौकटीत पांढरं मेण आणि मेणाच्या मधोमध तांदळाच्या कणीएवढे पाच-सहा करडे ठिपके. तेच ते. "उन्हात ठेवू नका," एवढंच तो म्हणाला.

मी तो शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला. दसरा चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा मेहुणा म्हणाला, "दाजी, खिशावरचा हात काढा की, पडत न्हाई ते." तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं, की मी अख्ख्या रस्त्यानं आपलीच गाठ छातीशी धरून आणली.

चार दिवसांनी मॅडमनी स्वतः बोलावलं. मी काय काम करतो ते सर्जननी त्यांना सांगितलं होतं. त्यांच्याकडं दोन माणसांनी एकदम बघायचा मायक्रोस्कोप होता. मला समोरच्या डोळ्यांशी बसवलं आणि म्हणाल्या, "निळं दिसतंय ते साधं रंगवलेलं केंद्रक. तपकिरी दिसलं तर समजा, आपण शोधतोय ते प्रथिन तिथं आहे."

पहिली काच एमएलएच१ची. गाठीच्या पेशींच्या वेड्यावाकड्या नळ्या, आणि त्यांची केंद्रकं तपकिरी, चहाच्या डागासारखी. पीएमएस२, तेच. मग त्यांनी तिसरी काच सरकवली, एमएसएच२ची. नळ्या तशाच, पण सगळ्या निळ्या. एकही तपकिरी नाही. "आता नळ्यांच्या मधे बघा." मधे बारीक गोल पेशींची गर्दी होती आणि त्या सगळ्या गडद तपकिरी. "या तुमच्या स्वतःच्या चांगल्या पेशी, लिम्फोसाइट. यांच्यात रंग धरलाय, म्हणजे रसायन बरोबर आहे, काच बरोबर आहे. तरी गाठीत रंग नाही, म्हणजे प्रथिन खरंच नाही. पहिल्या लॅबच्या काचा मी मागवून बघितल्या. त्यात या पेशी पण निळ्याच होत्या." चौथी, एमएसएच६, तिसरीसारखीच.

मी बराच वेळ डोळा काढला नाही. एवढ्या वर्षांत इतकं स्वच्छ सॅम्पल क्वचित बघितलं असेल, असं मनात आलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

मॅडमनी समजावलं ते माझ्या शब्दांत सांगतो. पेशीची दुसरी पेशी होताना डीएनएची नक्कल होते, आणि नकलेत चुका होतात. ही चार प्रथिनं म्हणजे फायनल इन्स्पेक्शन. ती जोडीनं फिरतात: एमएलएच१ बरोबर पीएमएस२, एमएसएच२ बरोबर एमएसएच६. जोडीतला थोरला गेला की धाकटाही टिकत नाही. माझ्या गाठीत दुसरी जोडी कामावरच नव्हती. चुका तपासल्याविना पुढं जात राहिल्या. आतड्याच्या शंभर कॅन्सरमध्ये साधारण पंधरांत असं काही तरी सापडतं.

"मग हे वाईट ना?"

"गाठ व्हायला हेच कारण. पण झालेल्या गाठीच्या पुढच्या अंदाजासाठी, तुमच्या स्टेजला, हे चांगलं." चुका इतक्या साचतात की गाठ अंगाला परकी दिसायला लागते. मी बघितलेली तपकिरी गर्दी म्हणजे तिला ओळखून आलेलं सैन्य. स्टेज दोनमध्ये असल्या गाठी परत यायचं प्रमाण कमी असतं, आणि नेहमीच्या फ्लुरोयुरॅसिल केमोचा त्यांना उपयोगही होत नाही. उद्या आजार पसरलाच असता तरी याच रिपोर्टवर इम्युनोथेरपी, म्हणजे या सैन्याला जोर देणारा उपचार, देता आली असती. पेम्ब्रोलिझुमॅब नावाच्या औषधाला अमेरिकेत २०२० मध्ये असल्या पसरलेल्या कॅन्सरसाठी पहिला उपचार म्हणून मान्यता मिळाली आहे. जो शब्द वाचून आम्ही रात्रभर जागलो, तोच चारऐवजी दोन ओळींपुढं आला, तर केमो टळली.

मी सर्जनना टक्के विचारलेच. ते सांगायला कचरत होते, पण मला राग आला नाही. शंभरच्या लॉटमध्ये पाच रिजेक्ट निघणार, एवढं मी छातीठोक सांगू शकतो. हातातलं कास्टिंग त्या पाचातलं आहे का, ते टक्क्यांवरून मलाही सांगता येत नाही.

आता गंमत बघा. केमो नाही म्हटल्यावर मला सुटल्यासारखं झालं आणि पाहुण्यांचे चेहरे उतरले. मामा बायकोला बाजूला घेऊन विचारत होते, "डॉक्टरांनी हात टेकले व्हय?" एकानं मुंबईला परळला जाऊन दुसरं मत घ्यायला सांगितलं. घेतलं. तिथंही तेच सांगितलं. मामांना अजून पटलेलं नाही.

पण मॅडमनी त्या दिवशी काच काढता काढता अजून एक गोष्ट विचारली होती. "घरात कुणाला आतड्याचा, गर्भाशयाचा कॅन्सर?" मी नाही म्हणालो. आबा, माझे वडील, ४९व्या वर्षी गेले, पण ते अल्सर फुटून. निदान आम्हा पोरांना तरी तसंच सांगितलं होतं.

त्या म्हणाल्या, "एकदा नीट विचारा. एमएसएच२ गेलेलं असलं की बहुतेकदा ते जन्मतःच अर्धं बिघडलेलं असतं." मग त्यांनी एका शिवणाऱ्या बाईची गोष्ट सांगितली. १८९५ साली अमेरिकेत मिशिगनला अल्ड्रेड वॉर्थिन नावाच्या पॅथॉलॉजिस्टकडं कपडे शिवणारी एक बाई होती. ती त्याला म्हणाली, आमच्या घरात सगळे आतड्याच्या नाही तर गर्भाशयाच्या कॅन्सरनं जातात, मी पण तशीच जाणार. आणि ती गर्भाशयाच्याच कॅन्सरनं, तरुणपणी गेली. वॉर्थिननं तिचं घराणं लिहून काढलं आणि १९१३ मध्ये छापलं. पुढं हेन्री लिंच यांनी असल्या घराण्यांवर जन्मभर काम केलं, म्हणून याला लिंच सिंड्रोम म्हणतात. आणि त्या शिवणाऱ्या बाईच्या वंशजांच्या रक्तात शेवटी जो दोष सापडला, तो एमएसएच२ मधलाच.

मी चुलत्यांना फोन केला. काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आबाला शेवटी रक्तच जायचं संडासातनं. मिरजेला नेला हुता. डॉक्टरनं सांगितलं हुतं काय ते. पण तुम्हा पोरास्नी कशाला सांगायचं?" आणि आत्याची पिशवी काढली होती ती? "तिचं पण तसलंच काय तरी हुतं."

जेनेटिक कौन्सेलरनं, म्हणजे आनुवंशिक आजाराचं समजावणाऱ्या बाईनं, कागदावर आमची वंशावळ काढली. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, गेलेल्यांवर तिरकी रेघ, कॅन्सरवाल्यांना काळं भरायचं. आबांचा चौकोन तिनं माझ्यासमोर काळा केला. रक्त दिलं. महिन्याभरानं कळलं: एमएसएच२ मध्ये दोष, लिंच. म्हणजे माझ्या प्रत्येक भावंडाला आणि मुलाला तो असण्याची शक्यता निम्मी. नाणेफेक. मुलगा सतराचा आहे. त्याचं त्यानं अठरानंतर ठरवायचं, असं डॉक्टरांनीच सांगितलं. राहिली आक्का.

आक्का गडहिंग्लजला असते. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. कागद घेऊन मी स्वतः गेलो. तिनं ऐकून घेतलं, चहा केला, आणि मग म्हणाली, "माझ्या दोन पोरी उजवायच्या हाईत. घराण्यात दोष हाय म्हणून कागदावर लिहून घेऊ व्हय मी?" मी म्हटलं, कागद कुणाला दाखवायचा नाही. दोष निघालाच तर दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी, पिशवीची तपासणी. गाठ व्हायच्या आधीच आतड्यातले मोड, म्हणजे पॉलिप, काढून टाकता येतात. "आणि न्हाई निघाला तर?" तर तुझ्या पोरींना पण काही नाही. ती उठून आत गेली. जाताना डब्यात भाकरी आणि ठेचा बांधून दिला, पण त्या विषयावर एक शब्द नाही. पुढं सात महिने फोनवर पाऊस, ऊस, गोकुळचा दुधाचा दर, सगळं बोलली. हे सोडून.

मधल्या काळात माझा पाठलाग चालू होता. ऑपरेशननंतर दीड महिन्यानं सीईए १.९. तीन महिन्यांनी २.१. मग एका रविवारी आमच्या गल्लीत सवलतीचं तपासणी शिबिर लागलं, म्हटलं स्वस्तात होतंय, आणि आकडा आला ४.६. दुप्पट! बिडी तर मी ऑपरेशनच्या दिवसापासून सोडली होती. रंकाळ्यावर एक फेरी मारतो नेहमी, त्या दिवशी तीन मारल्या आणि तरी घरी जावंसं वाटेना.

सर्जननी कागद बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "लॅब तीच का?" नाही म्हटल्यावर त्यांनी कागद परत दिला. वेगवेगळ्या मशीनचे, वेगवेगळ्या किटचे आकडे एकमेकांशी लावायचेच नाहीत. हे मला, क्वालिटीच्या माणसाला, दुसऱ्यानं सांगावं लागलं! आमच्याकडं नवं पोरगं गेज बदलून माप घेतं तेव्हा मी त्याला सगळ्या शॉपसमोर झाडतो. जुन्या लॅबमध्ये परत केलं, २.२. आता तारीख, लॅब, मशीनचं नाव आणि आकडा असा तक्ता मी वहीत ठेवतो. पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी, पाच वर्षं होईपर्यंत. त्या तक्त्याला बायको माझी टीसी म्हणते.

परवा सकाळी साडेसहाला आक्काचा फोन आला. एवढ्या सकाळी म्हटल्यावर मी घाबरूनच उचलला.

"झोपला हुतास व्हय?"

"न्हाई. काय झालं?"

"काय न्हाई. ते रक्त उपाशीपोटी द्यायचं असतंय का रं?"

"न्हाई गं. च्या पिऊन ये."

"बरं. साडेआठच्या गाडीनं येतोय. धाकटीला पण आणतोय संगट. तीच लागलीय मागं."

मी स्टँडवर न्यायला गेलो तेव्हा त्या दोघी उसाच्या रसाच्या गाड्याशी उभ्या होत्या, आणि आक्का रसवाल्याशी बर्फावरून भांडत होती.